इसब आणि त्वचेतील जनुकांचे कार्य

इसब हा विकार आपल्या समाजाला फार जुन्या काळापासून परिचित आहे. तान्ह्या मुलाच्या गालांवर, शाळकरी मुलाच्या कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत, प्रौढ माणसाच्या हातांवर किंवा मानेवर तो दिसून येतो. त्वचा कोरडी पडते, अनावर खाज सुटते, खाजविल्यामुळे लस वाहते, खपल्या धरतात आणि कालांतराने ती जागा जाड व काळपट होते. काही दिवस बरे वाटते आणि पुन्हा तोच त्रास उद्भवतो. इसबाने माणूस सहसा दगावत नाही. परंतु झोप, अभ्यास, कामधंदा आणि घरातील स्वास्थ्य यांची तो मोठी हानी करतो. रात्रभर खाजविणारे मूल आणि त्याच्या उशाशी जागणारी आई हे चित्र अनेक घरांत पाहावयास मिळते.

रोगाइतकीच हानी त्याविषयीच्या गैरसमजांमुळे होते. इसब एकापासून दुसऱ्याला लागतो, असे मानून मुलाला वर्गात वेगळे बसविले जाते. तो अस्वच्छतेमुळे होतो, असे समजून आईला दोष दिला जातो आणि मुलाला साबणाने अधिकच घासले जाते. चट्टा दिसेनासा झाला की रोग गेला, असे धरून उपचार थांबविले जातात. आणि रोग घराण्यातच आहे असे कळले, की आता इलाज नाही, अशी निराशा पत्करली जाते. गेल्या दोन-तीन दशकांत शास्त्रज्ञांनी इसबाच्या रुग्णांच्या त्वचेतील जनुकांचे कार्य बारकाईने तपासले आहे. या तपासणीने वरील चारही समजुतींना उत्तर दिले आहे. हे संशोधन कसे झाले, त्यातून काय निष्पन्न झाले आणि त्याच्या आधारे घरात, शाळेत व गावात काय करता येईल, याचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

इसब या नावाखाली अनेक विकार येतात. सिमेंट, कपडे धुण्याची पावडर किंवा एखादा धातू यांच्या स्पर्शाने होणारा इसब वेगळा. येथे विचार करावयाचा आहे तो ‘ॲटोपिक इसब’ या प्रकाराचा. तो बहुधा वयाच्या पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो. रुग्णाला किंवा त्याच्या नातलगांना पुष्कळदा दमा अथवा ॲलर्जीची सर्दी असते. काही देशांत दर पाच मुलांमागे एकाला हा त्रास होतो; भारतात हे प्रमाण त्या मानाने कमी आढळले आहे. तथापि आपल्या लोकसंख्येचा विचार करता रुग्णांची संख्या लहान नाही.

त्वचेचा तट

त्वचा हे केवळ शरीराचे आच्छादन आहे, असे म्हणणे अपुरे ठरेल. ती शरीराची तटबंदी आहे. बाहेरील जंतू, धूळ, परागकण व रासायनिक द्रव्ये आत येऊ न देणे आणि आतील पाणी बाहेर जाऊ न देणे, अशी दुहेरी कामगिरी ती करते. या कामगिरीचा मुख्य भार सर्वांत वरच्या थरावर असतो. या थराला शृंगस्तर म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असते.

बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्म घेत असतात. त्या हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, मृत होतात आणि अखेर कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. या प्रवासास साधारणपणे चार आठवडे लागतात. शृंगस्तरातील चपट्या पेशी म्हणजे भिंतीतील विटा होत आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ म्हणजे विटा सांधणारा चुना होय. विटा कच्च्या असल्या किंवा चुना कमी पडला, की भिंतीला भेगा पडतात. ॲटोपिक इसबात हे दोन्ही दोष आढळतात.

विटा पक्क्या करण्याच्या कामी एक प्रथिन फार महत्त्वाचे आहे. त्याचे नाव फिलाग्रिन. पेशीमध्ये केराटिनचे तंतू असतात. फिलाग्रिन हे तंतू एकत्र जुळवून त्यांची घट्ट मोळी बांधते आणि त्यामुळे पेशी चपटी व मजबूत होते. हे काम झाल्यावर फिलाग्रिनचेच विघटन होऊन त्यापासून ॲमिनो आम्ले व इतर लहान द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये शृंगस्तरात पाणी धरून ठेवतात आणि त्वचेची आम्लता योग्य प्रमाणात राखण्यास मदत करतात. म्हणजे एकच प्रथिन आधी तंतू बांधण्यासाठी आणि मग ओलावा टिकविण्यासाठी खर्ची पडते. ते कमी पडले की त्वचा कोरडी, खरखरीत आणि भेगाळ होते.

जनुक असणे आणि जनुक कार्यरत असणे

पुढील विवेचन समजण्यासाठी एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. माणसाच्या शरीरात प्रथिने तयार करण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. त्वचेची पेशी असो वा यकृताची, बहुतेक सर्व पेशींमध्ये ही जनुके सारखीच असतात. असे असूनही त्वचा ही त्वचा आणि यकृत हे यकृत असते. कारण प्रत्येक पेशीत सर्व जनुके एकाच वेळी काम करीत नाहीत.

महसूल दप्तराचे उदाहरण घेता येईल. मूळ नोंदवही दप्तरातच राहते. ज्या नोंदीची गरज असेल तिची नक्कल काढून दिली जाते आणि पुढील काम त्या नकलेवर चालते. पेशीतही तसेच घडते. जनुकाची मूळ प्रत पेशीच्या केंद्रकात सुरक्षित असते. गरज पडेल तेव्हा तिची नक्कल निघते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. तिच्या आधारे प्रथिन तयार होते. एखाद्या जनुकाच्या किती नकला निघाल्या हे मोजले, म्हणजे ते जनुक किती कार्यरत आहे हे समजते.

यावरून दोन निरनिराळे प्रश्न उभे राहतात. मूळ नोंदीतच चूक आहे काय, हा पहिला प्रश्न. नोंद बिनचूक असून तिच्या नकला फार कमी किंवा फार जास्त निघत आहेत काय, हा दुसरा प्रश्न. पहिला दोष जन्मजात असतो आणि तो बदलणे कठीण असते. दुसरा दोष परिस्थितीनुसार निर्माण होतो, कमी-अधिक होतो आणि योग्य उपायांनी सुधारताही येतो. इसबाच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष उपयोगी ठरले आहे.

मूळ नोंदीतील चूक

ॲलर्जीच्या आनुवंशिक प्रवृत्तीसाठी ‘ॲटोपी’ हा शब्द १९२३ मध्ये आर्थर कोका व रॉबर्ट कुक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी योजला. १९३३ मध्ये फ्रेड वाइज व मॅरियन सुल्झबर्गर यांनी त्यावरून या प्रकारच्या इसबाला त्याचे सध्याचे नाव दिले. रोग घराण्यात चालतो हे तेव्हाही दिसत होते. पुढे डेन्मार्कमध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला इसब असेल, तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण बरेच मोठे, म्हणजे चारांत सुमारे तीन इतके आढळले. भिन्न जुळ्यांमध्ये ते चारांत सुमारे एक इतकेच होते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे यावरून सिद्ध झाले. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखी असूनही काही जोड्यांत एकच भावंड आजारी पडले. याचा अर्थ, जनुके सर्व काही ठरवीत नाहीत.

२००६ साल या संशोधनात मोलाचे ठरले. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाचे अर्विन मॅक्लीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या गुणसूत्रावरील फिलाग्रिनच्या जनुकात दोन उत्परिवर्तने शोधून काढली. या उत्परिवर्तनांमुळे त्या जनुकाच्या प्रतीपासून उपयोगी फिलाग्रिन तयारच होत नाही. माशाच्या खवल्यांसारखी कोरडी त्वचा होण्याचा एक आनुवंशिक विकार त्यामुळे होतो, हे प्रथम सिद्ध झाले. त्याच वर्षी आयर्लंड, स्कॉटलंड व डेन्मार्क येथील रुग्णांच्या अभ्यासावरून असे दिसले, की हीच उत्परिवर्तने ॲटोपिक इसबाचाही धोका बराच वाढवितात. युरोपीय वंशाच्या लोकांपैकी सुमारे दहा टक्के लोकांत फिलाग्रिनच्या जनुकाची किमान एक प्रत निकामी असते.

या शोधामुळे विचारांची दिशा बदलली. तोपर्यंत इसब हा प्रामुख्याने रक्तातील प्रतिकारयंत्रणेचा बिघाड मानला जात असे. आता त्वचेच्या तटबंदीतील उणिवेला मूळ कारणांमध्ये स्थान मिळाले. ‘रक्त बिघडले’ या लोकांमधील समजुतीलाही त्यामुळे आधार उरला नाही.

तथापि एवढ्याने कोडे सुटले नाही. फिलाग्रिनचे जनुक सदोष असूनही पुष्कळांना कधीच इसब होत नाही. उलट इसबाच्या अनेक रुग्णांत हे जनुक पूर्णपणे निर्दोष असते. युरोपात सर्रास आढळणारी ती दोन उत्परिवर्तने जपान व चीनमधील लोकांत सहसा आढळत नाहीत. तेथे त्याच जनुकात वेगळी उत्परिवर्तने दिसतात. २०१५ मध्ये २१,००० हून अधिक रुग्णांच्या जनुकीय माहितीची तुलना निरोगी व्यक्तींशी करण्यात आली. तीत इसबाशी संबंध असलेली ३१ ठिकाणे दिसून आली आणि त्यांपैकी पुष्कळ प्रतिकारयंत्रणेशी निगडित होती. सारांश, एका जनुकाच्या एका चुकीवर सारा दोष टाकता येत नाही.

निरोगी दिसणाऱ्या त्वचेची साक्ष

जनुकांच्या नकला मोठ्या प्रमाणावर मोजण्याचे साधन १९९५ च्या सुमारास उपलब्ध झाले. काचेच्या छोट्या पट्टीवर हजारो जनुकांचे अंश ठिपक्यांच्या रूपाने बसवून एकाच वेळी त्या सर्वांचे कार्य तपासण्याची ही पद्धती होती. २००८ पासून आरएनएचे थेट वाचन करण्याची अधिक अचूक पद्धती प्रचारात आली. रुग्णाच्या त्वचेचा काही मिलिमीटर रुंदीचा तुकडा घेऊन त्यातील सर्व नकला मोजता येऊ लागल्या. लहान मुलांच्या त्वचेचा तुकडा काढणे योग्य नसते. म्हणून त्वचेवर खास चिकटपट्टी लावून ती उचलावयाची आणि तिला चिकटून आलेल्या पेशींची तपासणी करावयाची, अशी वेदनारहित पद्धतीही अलीकडे वापरली जाते.

या अभ्यासात तीन प्रकारच्या त्वचेची तुलना केली जाते. पहिली, रुग्णाच्या अंगावरील चट्ट्याची; दुसरी, त्याच रुग्णाच्या अंगावरील निरोगी दिसणारी; आणि तिसरी, ज्यांना इसब नाही अशा व्यक्तींची. चट्ट्याच्या त्वचेत शेकडो जनुकांचे कार्य बदललेले असणार, ही अपेक्षा होतीच. चार स्वतंत्र अभ्यासांची माहिती २०१५ मध्ये एकत्र करून पाहिली असता सुमारे ६०० जनुकांच्या कार्यात सातत्याने फरक आढळला. ही जनुके स्थूलमानाने दोन गटांत विभागता येतात.

पहिल्या गटातील जनुकांचे कार्य मंदावलेले असते. फिलाग्रिन आणि लोरिक्रिन यांसारखी, पेशींना बळकटी देणारी प्रथिने तयार करणारी जनुके या गटात येतात. विटांमधील चुन्याचे काम करणारे स्निग्ध पदार्थ बनविणाऱ्या विकरांची जनुकेही त्यात आहेत. दुसऱ्या गटातील जनुके अतिशय कार्यरत झालेली असतात. इंटरल्यूकिन-१३, इंटरल्यूकिन-२२ व इंटरल्यूकिन-३१ या संदेशद्रव्यांची जनुके त्यांत प्रमुख होत. त्यांपैकी इंटरल्यूकिन-३१ हे खाजेचा संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंना उत्तेजित करते. ॲलर्जीच्या पेशींना रक्तातून त्वचेकडे बोलावून आणणारी द्रव्ये आणि त्वचेला इजा झाल्याची सूचना देणारी प्रथिनेही या वेळी मोठ्या प्रमाणात तयार होतात.

खरा अनपेक्षित निष्कर्ष होता तो निरोगी दिसणाऱ्या त्वचेविषयीचा. न्यूयॉर्कमधील संशोधक एम्मा गुटमन-यास्की, मायते सुआरेझ-फारिन्यास व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की इसबाच्या रुग्णाची जी त्वचा डोळ्यांना अगदी चांगली दिसते, तीही खऱ्या अर्थाने निरोगी नसते. पेशी पक्क्या करणारी जनुके तेथेही मंदावलेली होती. प्रतिकारयंत्रणेच्या पेशी तेथेही निरोगी व्यक्तीच्या मानाने अधिक संख्येने जमलेल्या होत्या. चट्ट्याच्या जागी जे बदल ठळकपणे दिसतात, तेच येथे सौम्य स्वरूपात आढळले. याचा अर्थ, अंगावरील चट्टा ही रोगाची केवळ दिसणारी बाजू आहे. शेतात वर तण दिसत नसले तरी त्याचे बी मातीत असावे, तशी ही स्थिती असते. एखादे निमित्त मिळताच रोग डोके वर काढतो.

परस्परांना पोसणारे दोन दोष

मूळ जनुक निर्दोष असलेल्या रुग्णातही फिलाग्रिन कमी का असते, याचे उत्तर २००७ मध्ये मिळाले. अमेरिकेतील डेन्व्हर येथे डोनाल्ड लेउंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या आणि त्यांवर इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१३ या द्रव्यांचा परिणाम तपासला. ही द्रव्ये असताना पेशींतील फिलाग्रिनच्या जनुकाचे कार्य घटले. म्हणजे मूळ नोंद बिनचूक होती. दाहामुळे तिच्या नकला निघणे कमी झाले होते.

येथे दुष्टचक्र पूर्ण होते. त्वचेचा तट कच्चा असला, की परागकण, धूळ, साबणाचा अंश व जंतू आत शिरतात. त्वचेच्या पेशी धोक्याची सूचना देतात. प्रतिकारयंत्रणेच्या पेशी जमतात आणि इंटरल्यूकिने सोडतात. त्यामुळे फिलाग्रिनच्या जनुकाचे कार्य आणखी मंदावते व तट अधिकच कच्चा होतो. त्यात खाजेची भर पडते. नखांनी खाजविल्यामुळे शृंगस्तर फाटतो, जखमी पेशी पुन्हा धोक्याची सूचना देतात आणि चक्र वेग घेते.

जंतूही या परिस्थितीचा लाभ घेतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा पू निर्माण करणारा जंतू इसबाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या चट्ट्यांवर आढळतो. निरोगी त्वचा अशा जंतूंना मारणारी काही प्रथिने स्वतःच तयार करते. सोरायसिसच्या चट्ट्यात ही प्रथिने विपुल असतात. म्हणून त्यात सहसा पू होत नाही. इसबाच्या चट्ट्यात मात्र ती त्या मानाने फारच कमी तयार होतात, असे २००२ मध्ये दिसून आले. जंतूंचा हा प्रादुर्भाव मागाहून होतो. तो रोगाचे मूळ नव्हे. म्हणूनच ॲटोपिक इसब हा स्पर्शाने एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाणारा रोग नाही.

सर्व रुग्ण सारखे नाहीत

जनुकांच्या कार्याचे हे चित्र सर्व समाजांत तंतोतंत सारखे नसते. जपान व कोरियातील रुग्णांच्या त्वचेत इंटरल्यूकिन-१७ शी संबंधित जनुके युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा अधिक कार्यरत असल्याचे २०१५ मध्ये आढळले. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी रुग्णांत ती तुलनेने मंद असल्याचे २०१९ च्या अभ्यासात दिसले. इंटरल्यूकिन-१३ चा मार्ग मात्र सर्वत्र समान आढळतो. एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशातील रुग्णांना डोळे झाकून लावता येत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते. भारतासारख्या, अनेक जनसमूहांच्या देशात येथील रुग्णांचा स्वतंत्र अभ्यास होणे म्हणूनच अगत्याचे आहे.

व्यवहारातील एक मुद्दाही येथे नमूद केला पाहिजे. पाठ्यपुस्तकांत इसबाचे वर्णन ‘लाल चट्टा’ असे असते, कारण ती वर्णने बव्हंशी गोऱ्या त्वचेवरून केलेली आहेत. सावळ्या त्वचेवर तोच चट्टा जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो. कधी केवळ बारीक खरखरीत पुरळ दिसते. लाली दिसत नाही म्हणून दाह नाही, असे मानणे चुकीचे ठरते.

उपचारांचा नवा अर्थ

या ज्ञानामुळे जुन्या उपचारांचा अर्थ अधिक स्पष्ट झाला आणि काही नवे उपचारही निघाले. १९५२ मध्ये सुल्झबर्गर व व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचारोगांवर यशस्वीपणे वापरले. ते कसे काम करते, हे पुढे समजले. हे औषध पेशीच्या आत जाऊन दाह वाढविणाऱ्या जनुकांचे कार्य रोखते. अतिनील किरणांच्या उपचारानंतर रुग्णांच्या त्वचेतील बिघडलेल्या जनुकांचे कार्य सुधारल्याचे २०११ मध्ये दिसून आले.

इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१३ या दोहोंचा संदेश पेशीपर्यंत पोचू न देणारे डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये तीव्र इसबासाठी मान्य झाले. तत्पूर्वी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केवळ चार आठवड्यांच्या उपचाराने चट्ट्यातील जनुकांचे कार्य निरोगी दिसणाऱ्या त्वचेच्या दिशेने सरकल्याचे आढळले होते. जनुकांच्या मूळ प्रतीला हात न लावताही त्यांचे कार्य पालटते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. ‘रोग वंशातला आहे, त्याला इलाज नाही’ या समजुतीचे याहून चांगले उत्तर देता येणार नाही.

परंतु या औषधाचीही मर्यादा आहे. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०२१ मध्ये असे दाखविले, की अशा उपचाराने त्वचा सुमारे एक वर्ष स्वच्छ राहिल्यानंतरही रोगाची स्मृती बाळगणाऱ्या काही प्रतिकारपेशी तेथे टिकून असतात. शिवाय अशी इंजेक्शने महाग असून ती तीव्र रोगासाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात. बहुसंख्य रुग्णांना स्वस्त, साधे पण नियमित उपचारच उपयोगी पडतात.

त्यांतील पहिला उपचार म्हणजे त्वचेला ओलावा व स्निग्धता देणे. कोमट पाण्याने थोडा वेळ आंघोळ करावी, उग्र साबण टाळावा, अंग घासू नये आणि पाणी हलके टिपून त्वचा ओलसर असतानाच मलम लावावे. पेट्रोलियम जेलीसारखे साधे, वासरहित मलम पुरेसे असते. खोबरेल तेलाचा उपयोग फिलिपाइन्समधील एका अभ्यासात २००८ मध्ये दिसून आला आहे. चट्टा नसतानाही हे मलम रोज लावावयाचे असते. कारण निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा तटही कच्चाच असतो. याच कारणाने, वारंवार उमटणाऱ्या जागी चट्टा गेल्यानंतरही आठवड्यातून दोन दिवस औषधी मलम लावीत राहण्याची पद्धती डॉक्टर सुचवितात. २००३ मध्ये युरोपात झालेल्या चाचणीत अशा पद्धतीने रोग पुन्हा उफाळण्याचे प्रमाण पुष्कळ घटले होते.

तथापि याबाबत अतिशयोक्तीही नको. ज्यांना इसब झालेला नाही अशा नवजात बालकांना पहिले वर्षभर रोज मलम लावले तर रोग टळेल काय, याची चाचणी ब्रिटनमध्ये १,३९४ बालकांवर झाली. २०२० मध्ये तिचा निष्कर्ष जाहीर झाला. रोग टळल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा मलम हा झालेल्या इसबावरील उपचार आहे. इसब टाळणारी लस नव्हे.

स्टेरॉइडच्या मलमांविषयी दोन टोकाच्या चुका होतात. काही जण भीतीपोटी ती अजिबात लावीत नाहीत आणि मूल महिनोन्महिने त्रास सोसत राहते. काही जण दुकानातून मिळेल ते मलम आणून कोणत्याही खाजेवर लावतात. जे मलम इसबाचा दाह शमविते तेच नायट्यावर लावले, तर वरवर आराम पडतो; पण बुरशी आत फोफावते आणि नायट्याचे रूप असे बदलते की निदान करणे अवघड होते. भारतात अशा चिवट नायट्याचे प्रमाण गेल्या काही वर्षांत चिंताजनक झाले आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने स्टेरॉइडयुक्त अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होऊ नये असा नियम केला, तो याच कारणाने. कोणते मलम, किती तीव्रतेचे, कोठे आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावयास हवे.

शाळा व ग्रामपंचायत यांची भूमिका

शिक्षकांनी प्रथम हे लक्षात घ्यावे, की इसब असलेल्या मुलाला वेगळे बसविण्याचे कोणतेही कारण नाही. खरूज व नायटा हे मात्र सांसर्गिक आहेत. खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ येते आणि घरातील इतरांनाही त्याच सुमारास त्रास सुरू होतो. नायट्याचा चट्टा बहुधा कडेने वाढत जाऊन गोल होतो. शंका असल्यास शिक्षकांनी स्वतः निदान न करता मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथेही मुलाचा शिक्षणाचा हक्क व मान राखला जाईल हे पाहावे.

इसबाच्या मुलाला घामाने व लोकरी किंवा जाड कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांनी त्रास होतो. गणवेशाच्या आत सुती कपडा घालण्याची, वर्गात मलम लावण्याची आणि खेळानंतर हातपाय धुण्याची मुभा त्याला असावी. रात्रीच्या खाजेमुळे झोप अपुरी राहते. अशा मुलाचे वर्गातील दुर्लक्ष हा आळस समजू नये. नखे कापलेली असावीत, हे वर्गात सर्वांनाच सांगता येईल.

ग्रामपंचायतीच्या आरोग्यविषयक बैठकीत, ग्रामसभेत किंवा अंगणवाडीतील मातांच्या मेळाव्यात इसब, नायटा व खरूज यांमधील फरक समजावून देता येईल. आशा कार्यकर्तींना चार गोष्टी सांगण्याची विनंती करता येईल : इसब लागट नाही; चट्टा नसतानाही मलम चालू ठेवावे; चिठ्ठीशिवाय मलम घेऊ नये; आणि चट्ट्यातून पू येऊ लागला, ताप आला किंवा बारीक पाणीदार फोड झपाट्याने पसरू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अन्नाच्या ॲलर्जीच्या संशयाने मुलाचे दूध, अंडी किंवा डाळी परस्पर बंद करू नयेत. वाढत्या मुलाचे त्याने कुपोषण होते. आणि खरोखर अन्नाचा संबंध आहे की नाही, हे तपासणीनेच ठरवावे लागते.

प्रयोगशाळेत मोजलेल्या हजारो जनुकांच्या नकलांमधून अखेर एक साधी गोष्ट निष्पन्न झाली आहे. इसबाचा रुग्ण चांगला दिसत असतो तेव्हाही त्याची त्वचा मदतीची वाट पाहत असते. आणि ही मदत नियमितपणे मिळाली, तर जनुकांचे कार्यही सुधारू शकते. आईवडिलांकडून आलेली जनुके कोणाला निवडता येत नाहीत. परंतु त्यांनी कोणत्या परिस्थितीत काम करावे, हे काही अंशी घरातील काळजीवर, वेळेवर मिळणाऱ्या योग्य उपचारांवर आणि भोवतालच्या माणसांच्या समजूतदारपणावर अवलंबून असते. इसब असलेल्या मुलाला वर्गात इतरांच्या शेजारी जागा मिळणे आणि त्याच्या घरी रोजच्या मलमाची डबी असणे, या दोन गोष्टी प्रत्येक गावाच्या आवाक्यातील आहेत.